पित्ताशय नसलेले सर

शाळेतल्या माझ्या पहिल्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत शिरले आणि कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "आज फार ऊन आहे, नाही?" कोपऱ्यात वह्या तपासत बसलेले एक सर उठले. प्रयोगशाळेतून तापमापी घेऊन आले, ती खिडकीत पाच मिनिटं धरून उभे राहिले आणि मग म्हणाले, "अडतीस. परवा बेचाळीस होतं. म्हणजे आज ऊन कमी आहे, मॅडम. तुमच्या विधानाला पुरावा काय?" माझ्याकडे पुरावा नव्हता. सर समाधानाने पुन्हा वह्यांकडे वळले.

भंडाऱ्यातून काढून गोंदिया वेगळा जिल्हा केला, त्याला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. मी वर्ध्याची. भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या एका शाळेत मराठी शिकवायला आले होते आणि ओळखीचं कुणी नसल्यामुळे याच सरांच्या घराची समोरची खोली भाड्याने घेतली. त्यामुळे सर मला दोन्ही बाजूंनी दिसले. शाळेत विज्ञानाचे शिक्षक म्हणून आणि घरी माणूस म्हणून. या दोघांची भाषासुद्धा वेगळी होती. शाळेत ते क्रमिक पुस्तकासारखं बोलायचे. "कृपया दरवाजा लोटून घ्यावा" असं शिपायालाही सांगायचे. घरात शिरून चप्पल काढली की, "काय रांधलं आज? भूक लागून राहिली ना" सुरू व्हायचं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "शाळेतले सर मले कवाच नाई भेटले. मले हेच भेटले."

पुरावा मागण्यातून सरांनी कुणालाही सोडलं नव्हतं. लग्नाला गेले की पत्रिकेवरचा मुहूर्त आणि मनगटावरचं घड्याळ यांची गाठ घालून देत. "सहा तेवीसचं लग्न सात सव्वीसला लागलं. त्रेसष्ट मिनिटं उशीर. आता बघू या जोडप्याचं काय होतं ते." एका जोडप्याला पुढे तीन गोंडस मुलं झाली. सर ती मुलं रस्त्यात दिसली की बरोबरच्या माणसाला दाखवत, "हा पाहा पुरावा. तीन नग."

गावात त्यांचा शब्द चालायचा, त्याला कारण एक बाबा. तो आठवडी बाजारात बसून मंत्र म्हणायचा आणि नारळाच्या शेंड्या आपोआप पेटवायचा. मी येण्याआधीची गोष्ट, पण मला ती किमान पंधरा जणांनी सांगितली. सरांनी त्याच बाजारात त्याच्या शेजारी पोतं अंथरलं, शाळेतली जांभळी पूड आणि ग्लिसरीनची बाटली घेऊन बसले आणि मंत्राऐवजी सतराचा पाढा म्हणत नारळ पेटवला. बाबा पुढच्याच बसने गेला. त्या दिवशी गावाने बाबाला सोडलं आणि सरांना धरलं. हे धरणं काही फार वेगळं नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. सरांच्याही नाही.

सरांना पित्ताशय नव्हतं. खड्यांमुळे ते भंडाऱ्याला ऑपरेशन करून काढून टाकलं होतं, मी येण्याच्या आदल्या वर्षी. खडे मात्र त्यांनी डॉक्टरकडून मागून आणले होते. प्रयोगशाळेच्या कपाटात विंचू, बेडूक आणि दोन तोंडांचं म्हणून कुणीतरी आणून दिलेलं एकाच तोंडाचं गांडूळ यांच्या शेजारी काचेची बरणी होती. वर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, "पित्तखडे, मानवी, नग एकवीस." आठवीच्या मुलांना पचनसंस्था शिकवताना ती बरणी वर्गात फिरायची. एकदा परत आली तेव्हा नग वीस निघाले. सरांनी मधल्या सुट्टीपर्यंत वर्ग सोडला नाही.

ऑपरेशनमुळे त्यांना काहीएक त्रास झालेला नव्हता. सगळं खात होते, सायकल मारत होते. काकूंच्या माहेराहून, करडीहून, तळ्यातले झिंगे आले की दोन वाट्या रस्सा पीत होते. हे सगळं सुरळीत चाललं असताना त्यांना भंडाऱ्याच्या एका इंटरनेट कॅफेत शाळेचे कसलेसे फॉर्म भरायला जावं लागलं. फॉर्मची साइट उघडेना. ती उघडेपर्यंत रिकामं बसायचं कसं, म्हणून सरांनी आपल्या हरवलेल्या अवयवाचं नाव टाइप केलं.

येताना दोन पानांचा इंग्रजी कागद छापून घेऊन आले. मथळ्यातच प्रश्न होता. पित्ताशय काढल्याने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो का?

सरांनी शब्दकोश घेऊन तो कागद तीन दिवस वाचला. मग लाल पेनने रेघ मारली आणि मला दाखवला. रेघेखाली लिहिलं होतं की काही अभ्यासांमध्ये असा धोका किंचित वाढल्याचं आढळलं आहे. पुढे इंग्रजीतला 'बट' हा शब्द होता, आणि त्यानंतर आणखी चार ओळी. लाल रेघ 'बट'पाशी थांबली होती.

"सर, पुढे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"पुढे वेगळा मुद्दा आहे," सर म्हणाले.

वेगळा मुद्दा असा होता की इतर पुष्कळ अभ्यासांमध्ये तसं काही आढळलेलं नाही. जगातल्या प्रत्येक माणसाला 'पुरावा काय' म्हणून विचारणाऱ्या सरांनी तो मुद्दा पुढे कधीही वाचला नाही.

त्या आठवड्यापासून शाळेत नळ आणि बादली दिसू लागली. "यकृत पित्त बनवतं," सर फळ्याजवळ बादली ठेवून सांगायचे, "आणि पित्ताशय ते साठवतं. जेवण आलं की सोडतं. आता पित्ताशयच काढलं तर काय होणार? वॉशर गेलेल्या नळासारखं पित्त आतड्यात टपटप, टपटप, चोवीस तास." त्या टपटपीने आतड्याचं अस्तर कसं बिघडत असेल हे ते इतकं मन लावून सांगत की पुढच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. तिच्या आजीचं पित्ताशय काढलं होतं.

घरात तळण बंद झालं. झिंगे आले तसे शेजारी जाऊ लागले. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, भाकरी आणि पाणी, पाणी, पाणी. आणि रोज सकाळी सर बॅटरी घेऊन संडासात जाऊ लागले. आत दिवा असताना बॅटरी कशाला, हे मला कळायला थोडे दिवस लागले. वीस-वीस मिनिटं बाहेर यायचे नाहीत. काकू अंगणात तांदूळ निवडत म्हणायच्या, "लोक सकाळी पेपर वाचतेत मॅडम. आमच्याकडे हे वाचून राहिले." बाहेर आले की सरांचा चेहरा निकाल लागलेल्या विद्यार्थ्यासारखा असायचा, पण पास की नापास ते सांगायचे नाहीत. आम्ही हसायचो. मीही हसले आहे, हे आधीच सांगून टाकते.

सरांनी हे ज्ञान स्वतःपुरतं ठेवलं असतं तर मला इतकं सांगण्यासारखं काही नव्हतं. पण ज्याला ज्याला पित्ताचे खडे निघत, तो तो आता सरांकडे येऊ लागला. रविवारी सकाळी ओसरीवर माणसं बसलेली असायची. हातात सोनोग्राफीची पाकिटं. सर फिल्म उन्हात धरून बघायचे. त्यांना त्यातलं काय कळत होतं ते त्यांनाच ठाऊक. बराच वेळ बघून एकच सांगायचे, "घाई करू नका. थांबा." मग बादली यायची. माणसं माना डोलवायची. "सर, तुम्ही सांगान तसं," म्हणून हात जोडायची आणि काकूंचा चहा पिऊन जायची. एकदा एका बाईने जाताना सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. सर दचकून मागे सरकले, पण 'पुरावा काय' असं तिने विचारलं नाही म्हणून काही रागावले नाहीत. मला बाजारातला तो बाबा आठवला. मी काहीही बोलले नाही. घरमालक होते, नोकरीत वरिष्ठ होते, आणि मुख्य म्हणजे मराठी शिकवणाऱ्या बाईने विज्ञानाच्या सरांना काय सांगायचं, असं मला वाटायचं.

पावसाळा अर्धा सरला आणि काकूंचं पोट दुखायला लागलं. उजवीकडे, बरगडीखाली. जेवल्यावर तासाभराने सुरू व्हायचं आणि पाठीतून खांद्यापर्यंत चढायचं. सर म्हणाले, ॲसिडिटी. दुसऱ्यांदा झालं तेव्हाही ॲसिडिटी. तिसऱ्यांदा काकू चुलीजवळच आडव्या झाल्या, तेव्हा मी आणि सर त्यांना भंडाऱ्याला सोनोग्राफीला घेऊन गेलो. खडे होते. पुष्कळ होते. डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करायला सांगितलं.

सर बसमध्ये फिल्मचं पाकीट मांडीवर धरून बसले. घरी आल्यावर म्हणाले, "एका घरातून एकाचं गेलं, बस झालं. तुझं नाई काढाचं."

"मंग हे दुखनं?"

"पथ्य पाळ. तेल बंद."

"तेल तं तुमच्यापाई कवाचंच बंद हाय! कोठून आनू आता बंद कराले?"

त्यावर सरांनी कागद आणला. काकू चौथी शिकलेल्या. त्यांनी तो कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला. "यात माहं पोट दुखते हे कोठी लिवलं हाय, ते दाखवा," म्हणाल्या. सर कागदाची घडी घालत राहिले.

दीड महिना असा गेला. धान पोटरीला आलं, लोंब्या निसवल्या. काकूंचा चेहरा उतरला, वजन उतरलं. रविवारी ओसरीवर माणसं येतच होती आणि काकू एक हात पोटावर दाबून त्यांना चहा देत होत्या. एका मंगळवारी मला सकाळची सुट्टी होती. सर शाळेत गेले आणि दहा मिनिटांत काकू माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लुगडं बदललेलं, हातात पिशवी. अंग तापाने फणफणलेलं होतं.

"मॅडम, चाला माह्यासंग भंडाऱ्याले."

"सरांना बोलावू का?"

"त्यायले काही सांगू नोका. ते बादली आनतीन." मग दाराच्या चौकटीला टेकून म्हणाल्या, "काल सांजचं दुखनं थांबलंच नाई, बाई. मी आता नाई थांबत."

झाकलेल्या भातावर त्यांनी एक चिठ्ठी ठेवली होती. मोठ्या, तिरप्या अक्षरात. "भात आहे. वरण आहे. मी पोट दाखवाले चालली." बसमध्ये प्रत्येक खड्ड्याला त्या माझं मनगट आवळत होत्या. पाऊण तासाच्या वाटेत मला पहिल्यांदा स्वतःचा राग आला. मी या घरात राहत होते, मला इंग्रजी वाचता येत होतं, 'बट'च्या पुढच्या ओळी मी वाचल्या होत्या आणि गप्प बसले होते.

दवाखान्यातल्या सर्जन बाई साधारण पस्तिशीच्या होत्या. त्यांनी पोटाला हात लावला आणि काकू ओरडल्या. पित्ताशय सुजलं आहे, आत पू व्हायला लागला असावा, लगेच दाखल करा, सलाईन लावू आणि उद्या सकाळी दुर्बिणीतून काढू, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "एवढे दिवस कुठे होता? घरचे कोणी आहेत का सोबत?"

"घरच्यायनंच थांबवलं होतं," काकू म्हणाल्या. "सही त्यायचीच लागते का जी?"

"तुमचं पोट, तुमची सही," बाई म्हणाल्या.

काकूंनी सही केली. नाव पूर्ण लिहिलं, खाली रेघ मारली. मग जरा घाबरल्यासारख्या म्हणाल्या, "काढल्यावर चालते ना जी सारं? ते म्हणतेत का एक अवयव काढला का सारी गडबड होते."

बाई काही म्हणायच्या आत काकूंनीच स्वतःला उत्तर देऊन टाकलं. "न चालाले काय झालं? गोंदिया काढलं तरी भंडारा हायेच ना जागेवर."

जेवायला घरी गेल्यावर चिठ्ठी वाचून सर दुपारच्या बसने आले. शाळा अर्धी टाकून आले होते, हे त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं असेल. शर्टाच्या खिशात तो कागद होता. काकूंकडे त्यांनी एकदा पाहिलं, सलाईनकडे पाहिलं आणि सरळ सर्जन बाईंच्या समोर जाऊन उभे राहिले. शाळेतल्या भाषेत बोलू लागले.

"मला केवळ एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. पित्ताशय काढल्याने आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो की नाही? हो किंवा नाही."

"काही अभ्यासांत थोडा वाढलेला दिसतो, बऱ्याच अभ्यासांत दिसत नाही," बाई म्हणाल्या. "वाढत असेलच तर फार थोडा. नक्की सांगता येत नाही."

"हे उत्तर नाही."

"हेच उत्तर आहे, सर. तुम्हाला आवडत नाही, एवढंच." बाईंचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही मला पंधरा-वीस वर्षांनंतरच्या एका 'कदाचित'बद्दल विचारून राहिले. तुमच्या मिसेसना आज ताप आहे. पित्ताशय आत फुटलं तर जीव जाऊ शकतो. यात कदाचित नाही. तुमचंही काढलंय म्हणून त्या सांगत होत्या. मग बाकीच्या लोकांनी जी काळजी घ्यायची तीच तुम्ही घ्या. संडासातून रक्त गेलं, सवय बदलली, वजन उतरलं, तर दाखवायला या. पित्ताशय असलेल्यांनाही मी हेच सांगते."

कागद खिशातून अर्धा बाहेर आला होता, तो सरांनी परत आत सारला. खाली बघत उभे राहिले. मग अगदी हळू आवाजात, शाळेतली भाषा कुठल्या कुठे टाकून म्हणाले, "मले रगत पडून राहिलं जी."

"केव्हापासून?"

"चार महिने झाले."

त्या छोट्या खोलीत काकूंच्या खाटेपर्यंत सगळं ऐकू जात होतं. काकू सलाईनच्या हाताने उठायला लागल्या, नर्सने धरलं. "चार महिने?" काकू म्हणाल्या. "अन् मले नाई सांगतलं? मी अंगणात बसून हासत होती ना जी तुमाले!"

सर म्हणाले, "काय सांगू? सांगतलं का खरं झालं असतं."

मी हिशेब केला. चार महिने म्हणजे त्या कागदाच्याही आधी. म्हणजे कॅफेत रिकामं बसवेना म्हणून त्यांनी ते नाव टाइप केलं नव्हतं. ओसरीवरच्या प्रत्येक माणसाला जे सांगितलं जात होतं ते खरं तर एका भ्यालेल्या माणसाचं स्वतःशी बोलणं होतं. ते समजून घेता येतं. पण माणसं ते ऐकून ऑपरेशन रद्द करत होती, हेही खरंच होतं.

काकूंचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. पित्ताशय फुटायच्या बेतात होतं, असं बाईंनी सांगितलं. सर बाहेरच्या बाकावर ताठ बसून होते. खडे हवेत का, असं नर्सने विचारलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. नको.

आठ दिवसांनी काकूंनी, पोटावर टाके असताना, सरांना नागपूरला धाडलं. बरोबर मी. आतडं दुर्बिणीतून तपासायचं होतं. आदल्या दिवशी पोट साफ व्हायचं औषध दोन लिटर पाण्यातून प्यायचं होतं आणि सर ते प्यायले. इतके आठवडे ज्या गोष्टीवर बॅटरी मारून एकेक दिवस पाहिला होता तिचं दर्शन एका दिवसात अठरा वेळा झालं. अठराव्या वेळी बाहेर येऊन ते म्हणाले, "आता मले काईच पाहाचं नाई."

तपासणीला आत जाण्याआधी त्यांनी माझ्याकडे घड्याळ काढून दिलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाले काय वाटते?" सरांनी कुणाचं वाटणं विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. "बरं होईल, सर," मी म्हणाले. त्यांनी पुरावा मागितला नाही.

रक्त मूळव्याधीचं निघालं. साधी मूळव्याध. पण तपासताना आतड्याच्या अस्तरावर मटाराएवढा एक कोंब, म्हणजे पॉलिप, सापडला, तो डॉक्टरांनी तिथल्या तिथे काढून तपासायला पाठवला. त्या अहवालाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत सर घरात कुणाशी भांडले नाहीत, शाळेत कुणाचं वाक्य तोडलं नाही. एका मुलाने 'सूर्य पश्चिमेला उगवतो' असं लिहिलं त्यालाही त्यांनी न बघता अर्धा गुण दिला. अहवाल चांगला आला. आज काही नाही, पण राहू दिला असता तर पुढे काही वर्षांत बिघडू शकला असता, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि काही वर्षांनी पुन्हा तपासायला बोलावलं.

"हा कोंब पित्ताशय काढल्यामुळे झाला का?" सरांनी विचारलंच.

"सांगता येणार नाही. तुमच्या वयात पुष्कळांना असतो. त्यातल्या बहुतेकांची पित्ताशयं जागेवर असतात."

मला वाटलं सर आता 'हो किंवा नाही' म्हणतील. पण त्यांनी मान हलवली आणि "बरं" म्हणाले. हा शब्द त्यांना नीट म्हणता येत नव्हता, सवय नव्हती.

घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "आता त्या लोकायचं काय?"

"कोनत्या लोकायचं?"

"ज्यायले तुमी थांबवलं. चहा म्या देल्ला ना सर्व्यायले. मले सारे ठाऊक हायेत." आणि त्यांनी पडल्या पडल्या नावं सांगायला सुरुवात केली. कोण बिनसाखरेचा प्यायचा, कोण बशीत ओतून प्यायचा, कोण कपाला कान नसला तरी चालतं म्हणाला, अशा खुणांनी त्यांना चौदा माणसं आठवली.

सर शाळा सुटली की सायकल काढून एकेकाच्या घरी जाऊ लागले. दारात उभं राहून सांगायचे, "मी जे सांगितलं ते चुकीचं होतं. अर्धाच कागद वाचला होता. डॉक्टर म्हणतील तसं करा." एका घरी बाईने दार लावून घेतलं. तिला मधल्या काळात दोनदा दाखल करावं लागलं होतं. सर बंद दारासमोर तेच वाक्य पूर्ण बोलले आणि परत आले. ही गोष्ट मला त्यांनी सांगितली नाही, त्या बाईनेच पुढे सांगितली.

राहता राहिला एक म्हातारा. तो काकूंच्या माहेरी, करडीला, शेजारी राहायचा. काकू विश्रांतीला तिकडे गेल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि सर त्यांना भेटायला गेलो तेव्हा सर पिशवी ठेवून थेट त्याच्या अंगणात गेले. मागोमाग आम्ही दोघी. म्हातारा खाटेवर बसला होता, एक हात बरगडीखाली.

"आजोबा, ऑपरेशन करून घ्या," सर म्हणाले. "मी सांगितलं होतं ते चूक होतं."

"नाई जी. तुमी पहिले सांगतलं तेच बरोबर होतं."

"अहो, मीच सांगतोय ना, चूक होतं म्हणून!"

"तुमाले डाक्टरनं फितवलं." म्हाताऱ्याने सरांकडे दयेने पाहिलं. "बायकोचं पोट फाडलं, आता तुमाले दुसरे पेशंट आनाले धाडलं. मले समजते जी. तुमी साधे मानूस."

सरांनी त्याला तऱ्हेतऱ्हेने समजावलं. म्हाताऱ्याने प्रत्येक मुद्दा सरांच्याच जुन्या मुद्द्यांनी खोडून काढला. त्याला सगळं पाठ होतं, एकही शब्द चुकला नाही. वर्गात असा विद्यार्थी मिळाला असता तर सरांनी त्याला छातीशी धरलं असतं. काकूंना हसू येत होतं आणि हसलं की पोटातून कळ येत होती, म्हणून त्या माझा खांदा धरून उभ्या होत्या.

शेवटी सर थकून त्याच्या खाटेच्या कडेवर बसले. मग सर म्हणाले, "मले सवताले रगत पडत होतं. कोनाले सांगतलं नाई. मले भेव लागत होतं जी, म्हनून तुमालेबी भेव घातलं. बस, एवढंच होतं. बाकी काई विज्ञान नोतं त्यात."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "लय भेव लागत होतं?"

"लय."

"मलेबी लागते," म्हातारा म्हणाला आणि आत ओरडला, "अवो, माहा सदरा दे."

काकूंना त्या दिवशी तपासायला बोलावलंच होतं, म्हणून आम्ही चौघं एकाच बसने भंडाऱ्याला आलो. म्हाताऱ्याचं ऑपरेशन पुढे दोन दिवसांनी झालं आणि नीट झालं. पण मला त्या दिवसाचं आठवतं ते दाखल करतानाचं. सर्जन बाई फॉर्म भरत होत्या. म्हाताऱ्याचं नाव, वय, गाव लिहून झालं. मग त्यांनी मान वर न करता सरांना विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

सर म्हणाले, "कोणी नाही. यांना चुकीचं मी सांगितलं होतं. म्हणून आणलं."

बाईंनी मान वर केली. थोडा वेळ सरांकडे पाहिलं. मग नात्याचा रकाना तसाच कोरा ठेवून त्यांनी सोबत आलेल्याच्या सहीसाठी फॉर्म सरांच्या पुढे सरकवला, आणि सरांनी तो वरपासून खालपर्यंत, एकही ओळ न सोडता वाचला आणि सही केली.